पाय आवरून बसा

तात्यांच्या दारात चप्पल काढली की आतून आवाज यायचा, "या. पाय आवरून बसा." येणारा कोणी का असेना, गॅसवाला, नगरसेवक, फलटणहून आलेले व्याही, खुर्चीत टेकला की त्यानं पाय खुर्चीखाली घ्यायचे. नवा माणूस बावरायचा, आपल्या पायाला काही लागलंय का म्हणून तळवे उलटे करून बघायचा. मग स्वयंपाकघरातून हौसाक्का चहा घेऊन यायच्या. दोन्ही हात कपाला, नजर समोरच्या भिंतीवर. सरळ चालत येऊन कप अचूक पाहुण्याच्या हाताशी धरायच्या. त्या आत वळल्या की तात्या म्हणायचे, "तिला दिसत न्हाई." तोवर पाहुण्याचे पाय आणखी वीतभर आत गेलेले असायचे.

मी त्यांच्या डोक्यावर राहते. म्हणजे बरोब्बर वरच्या मजल्यावर. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तरी आमच्या अपार्टमेंटला मी अजून 'बाई'च आहे. तात्या म्हणजे सुभेदार बिरू गोरड. गाव म्हसवडच्या पलीकडं, माळरानावर. बाप मेंढरं राखायचा, मुलगा फौजेत गेला आणि पेन्शन घेऊन सांगलीत तळमजल्यावर राहायला आला. काटक अंग, पांढऱ्या मिशा, घरात बंडी, बाहेर पडताना फेटा. पाण्याची मोटार चालू-बंद करायचं काम त्यांनी कोणी न सांगता अंगावर घेतलं होतं. मोटार जळली तर "मोटार शहीद झाली" असं ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, आणि वायरमन येईपर्यंत तिच्याजवळ उभे राहत.

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यावरून तात्या मला चिडवायचे. "बाई, तुमचं लोक सूर्याला इचारून जेवत्यात, आमचं लोक पोटाला इचारून." हौसाक्का मात्र माझ्या बाजूच्या. काचबिंदूनं डोळे गेल्यापासून त्यांचं घड्याळ माझा कुकर होता. वर शिट्टी झाली की खाली त्या देवापाशी दिवा लावायच्या. कुकरला उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "बाई, काल दिवस मोठा हुता का?"

डोळे एकदम गेले नाहीत. हळूहळू विझत गेले. तेवढ्या अवधीत तात्यांनी बायकोला घर पाठ करायला लावलं. पलंग, कपाट, पाटा, पाण्याचं पिंप, चहाचं स्टूल, सगळ्यांच्या जागा ठरल्या आणि त्या ठरल्या त्या ठरल्या. लेकीनं फलटणहून नवा सोफा पाठवला तो तात्यांनी आल्या टेम्पोनं परत धाडला. लेक रुसली. तात्या म्हणाले, "सोफा मऊ हाय, पर आडवा हाय." त्या घरात हौसाक्का इतक्या सहज वावरायच्या की पहिल्यांदा येणाऱ्याला त्या आंधळ्या आहेत हे सांगावं लागायचं. भाकरी त्या करायच्या, धुणं त्या वाळत घालायच्या, आणि नवऱ्याला बंडीचं बटण तुटलंय हेही त्याच सांगायच्या.

याच हौसाक्का महापुराच्या साली काही दिवस माझ्याकडं राहिल्या. कृष्णेचं पाणी पार्किंग ओलांडून तात्यांच्या घरात गुडघाभर शिरलं होतं. माझ्या घराचा आराखडा हुबेहूब खालच्यासारखा, म्हणून मला वाटलं, यांना काही अवघड नाही. पहिल्याच दिवशी माझ्या शोकेसचा कोपरा त्यांच्या कपाळाला लागला. मग त्या जेवणाच्या टेबलामागं भिंतीला पाठ लावून बसल्या त्या बसल्याच. पाणी दिलं तर नको म्हणत. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मोरीपर्यंत जायला लागू नये म्हणून हौसाक्का पाणीच पीत नाहीत. मला रडू आलं. मी जवळ बसले तेव्हा म्हणाल्या, "बाई, घर त्येच हाय की. पर मी कुणी दुसरीच झाल्यावानी वाटतंय."

पाणी ओसरल्यावर तात्यांनी चिखल काढला, फरशी धुतली, हौसाक्कांना मधोमध खुर्चीवर बसवलं आणि सामान मांडायला काढलं. त्या हातानं चाचपून हुकूम सोडत होत्या, सुभेदार सामान ओढत होते. "वाईच डावीकडं. आणि वाईच. तिथं न्हाई, तिथं माझी करंगळी लागंल." फौजेत यांनी कोणाचं एवढं ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं आधी सांगितलं ते अशासाठी, की पुढं जे झालं त्यात आम्हा सगळ्यांची घरं जाणार होती, पण हौसाक्कांचं त्याहून जास्त काही जाणार होतं.

आमचे सेक्रेटरी मगदूम तिसऱ्या मजल्यावर राहतात. हळदीचा व्यापार, स्वभाव धावता. मुलाला दुकान घालून द्यायचं म्हणून त्यांनी फ्लॅट विकायला काढला, गिऱ्हाईक मिळालं, आणि बँकेनं गिऱ्हाइकाला कर्ज नाकारलं. कारण विचारल्यावर कळलं की आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती आमची नाहीच. ती साताऱ्याच्या एका घराण्याची. बिल्डरनं भाडेपट्ट्यानं घेतलेली, आणि पट्ट्याची मुदत संपत आलेली. मुदतीच्या आत मालकाच्या हातात लेखी अर्ज पडला तर ती वाढवून मागायचा आमचा हक्क. नाही पडला तर जमीन मालकाची, आणि वर जे काय उभं आहे तेही त्याचंच. हे सगळं आमच्या प्रत्येकाच्या कागदात लिहिलेलं होतं. आम्ही फरशीचा रंग बघून घरं घेतली होती.

पार्किंगमध्ये मीटिंग झाली. सगळे एकदम बोलत होते. तात्या मोटारीच्या खोलीला टेकून उभे होते.

"तात्या, तुमाला धक्का बसलेला दिसत न्हाई," मगदूम म्हणाले.

"रान दुसऱ्याचं हाय हे मला घेतानाच ठाऊक हुतं. ह्या अंगाला सगळी रानंच हुती तवा. आमची मेंढरं बसायची हितं."

मग त्यांनी सांगितलं. दिवाळी झाली की त्यांचा बाप मेंढरं घेऊन माणदेशातून कृष्णाकाठाला उतरायचा. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, रानाला खत, धनगराला ज्वारी. दर साली रान तेच, मालक तोच, तरी दर साली बाप आधी एकटा येऊन मालकाच्या ओसरीवर बसायचा. पहिल्या खेपेला फक्त पान खायचं आणि पावसाचं बोलायचं. दुसऱ्या खेपेला जित्राबांचं, पोराबाळांचं. जागेचं तोंडातून काढायचं ते तिसऱ्या खेपेला, तेही उठता उठता. "आल्या आल्या जागा मागितली की मालकाला वाटतं, ह्यो जागंसाठीच आलाय. आपुन माणसासाठी यायचं असतंय."

आणखी एक गोष्ट बापानं शिकवलेली. दुसऱ्याच्या रानात पाय पसरून झोपायचं नाही. मालक आला तर झटकन उठून बसता आलं पाहिजे. तात्यांची सगळी भावंडं पोटात पाय घेऊन झोपायची, आणि तात्या या वयातही खुर्चीत बसले तरी पाय खुर्चीखालीच असायचे. मला आधी वाटायचं ते फक्त हौसाक्कांसाठी.

एवढं ऐकल्यावर साताऱ्याला तात्यांनीच जावं असं ठरलं. अर्ज मी लिहून दिला. मालकीण म्हणजे बाईसाहेब, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एकट्या राहणाऱ्या, वय झालेलं. तात्या फेटा बांधून, काखेत माणदेशी घोंगडं घेऊन एस.टी.त बसले. दिवस कलताना परत आले ते कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन. आम्ही सगळे खाली उतरलो.

"काय म्हणाल्या?"

"बाई चांगल्या हायत. घोंगडं आवडलं. गुडघं दुखत्यात म्हणाल्या."

"आणि जागेचं?"

"काढलं न्हाई. पयलीच खेप हाय."

मगदुमांनी पेढा तोंडात घातला होता म्हणून ते काही बोलू शकले नाहीत. दुसऱ्या खेपेलाही पेढेच आले. बाईसाहेबांना तात्यांच्या बापाची मेंढरं आठवत होती, लहानपणी वडिलांबरोबर इथल्या रानात आल्या असताना एका शिंगमोड्या एडक्यानं त्यांचा परकर फाडला होता. तात्या खुशीत होते. मगदूम मला जिन्यात म्हणाले, "बाई, आपली घरं जायला लागल्यात आणि ह्यो माणूस तिथं एडक्याच्या गोष्टी करतोय. अर्ज मीच देऊन येतो." मला त्यांचं पटत होतं. पण तात्यांना बाजूला कसं करायचं हे दोघांनाही सुचेना, आणि मुदत अजून शिल्लक होती.

मग तात्या तापानं पडले, "उद्या जातो" म्हणत अर्ज कोणाच्या हाती देईनात, आणि तिसरी खेप अगदी मुदतीच्या शेवटच्या दिवशी आली. मगदुमांनी स्वतः त्यांना गाडीत बसवलं. आम्ही सगळे दुपारपासून गेटकडं डोळे लावून होतो. तात्या आले तेव्हा आमची नजर आधी त्यांच्या हाताकडं गेली. हातात पेढे नव्हते. लिफाफा होता, माझ्या अक्षरातला, तसाच.

"सकाळी बाईसाहेब गेल्या," ते म्हणाले. "मी पोचलो तवा अजून घरातच हुत्या."

मग मगदूम म्हणाले, "तात्या, पर अर्ज? त्यांच्या मुलाच्या हातात द्यायचा."

"तिरडी बांधत हुता त्यो."

"गड्यामाणसाकडं द्यायचा. निदान पोस्टात तरी टाकायचा. आज तारीख पडली असती!"

"मढं घरात असताना जागंचा कागद काढायचा?" तात्यांनी हे अगदी शांतपणे विचारलं, जणू मगदुमांनाच उत्तर ठाऊक असणार. "मी खांदा दिला. माती झाली. मग आलो."

"काय करून बसलासा हे, तात्या," मगदूम म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. मला तात्यांचा राग आला. आजही ती दुपार आठवली की मी ठरवू शकत नाही. खिशात आपल्या बायकोचं घर घेऊन हा माणूस परक्या बाईला खांदा देत चालला आणि खिशातला कागद काढला नाही. याला शहाणा म्हणू की वेडा? तात्यांनी मात्र चूक नाकारली नाही. वकिलाकडं गेलो तेव्हाही तेच पुढं होऊन म्हणाले, "मुदत माझ्यामुळं गेली." वकील म्हणाला, आता हक्क संपला, राहिली ती मालकाची मर्जी.

त्या आठवड्यापासून खालून सामान ओढल्याचे आवाज यायला लागले. पहिले दोन दिवस मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी कपबशी फुटल्याचा आवाज आला म्हणून खाली गेले. दार उघडंच होतं. पलंग खिडकीपासून काढून दारापाशी लावलेला, कपाट भलत्याच भिंतीला, आणि हौसाक्का हात पुढं करून खोलीत चाचपडत होत्या. गुडघ्याला हळद लावलेली. तात्या भिंतीला टेकून उभे होते. मी कधी त्या माणसाचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"हे काय चालवलंय तात्या?"

"सवय करतोय. जावं लागलं तर नव्या घरात हिनं भिंतीला पाठ लावून बसू नये. मेंढक्यानं कवाबी उठायची तयारी ठेवावी."

हौसाक्का हसल्या. "ह्ये मला रोज नवं गाव दावत्यात, बाई. काल पलंगाचं गाव लागलंच न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला जमायला लागलंय म्हणावं त्यास्नी. लय कष्टी हुत्यात." त्यांना जमत नव्हतं. रोज सकाळी तात्या सामान हलवत आणि रोज संध्याकाळी माझी शिट्टी झाल्यावर खाली दिवा लागायला उशीर व्हायचा, कारण देव कुठं आहेत ते आधी शोधावं लागायचं.

बाईसाहेबांचे दिवस झाल्यावर तात्या पुन्हा साताऱ्याला गेले. या खेपेला मगदूम आणि मीही बरोबर होतो. बाईसाहेबांचा मुलगा पुण्यात नोकरीला असलेला, नीटनेटका, मोजकं बोलणारा. त्यानं अर्जावरची तारीख बघितली. "मुदत तर संपली."

"संपली," तात्या म्हणाले. "चूक माझी हाय. बाकीची माणसं शाणी हायत, त्यांचं घर माझ्या चुकीनं जाऊ नये एवढंच सांगाया आलो."

"मुदतीत का दिला नाही?"

मी बोलायला तोंड उघडलं, तर तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. "राहून गेलं," ते म्हणाले. बस्स. त्या दिवशी खांदा कोणी कोणी दिला हे त्या मुलाच्या ध्यानात असेल की नसेल, तात्यांनी आठवण करून दिली नाही. मुलगा म्हणाला, एका बिल्डरनंही विचारलंय, बघून सांगतो. परतीच्या वाटेवर कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा मगदूम तात्यांवर वैतागले होते आणि तरी त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगत होते.

असेच काही महिने गेले. मग एक दिवस तो मुलगा, धाकटे साहेब, जमीन बघायला सांगलीला आला. गेटवर त्यानं तात्यांचं नाव विचारलं. मी वरून बघितलं आणि मगदुमांना हाक मारून खाली धावले. आम्ही पोचेपर्यंत तो उंबऱ्यात होता आणि आतून आवाज आला, "या साहेब. पाय आवरून बसा."

मगदुमांनी कपाळाला हात लावला. ज्याच्या जमिनीवर आम्ही सगळे उभे, त्यालाच पाय आवरायला सांगणारा हा भाडेकरू. पण साहेबांनी निमूट पाय खुर्चीखाली घेतले. हौसाक्का चहा घेऊन निघाल्या. त्या दिवशी कपाट मधल्या भिंतीला होतं. खांदा आपटला, चहा बशीत सांडला, त्या थांबल्या, एका हातानं कपाट चाचपलं, वळल्या, पलंगाच्या पायाला गुडघा लागला. तात्या उठले नाहीत. उठायचं नाही असं त्यांचं ठरलेलं होतं. पण खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. साहेब अर्धवट उठून पुन्हा बसले.

"यांना… मग सामान असं मध्ये का?"

हौसाक्कांनीच आवाजाच्या रोखानं सांगितलं, "हितनं जायचं हाय न्हवं आमाला? म्हणून आत्तापासनं सवय लावत्यात. पयलं घर पाठ हुतं ओ माझं. तवा तुमाला गरम चहा मिळाला असता."

साहेबांनी बशीतला चहा कपात ओतून पिऊन टाकला. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "त्या दिवशी आईला खांदा देताना माझ्या मागं फेटा होता. माझ्या ध्यानात आहे." तात्या म्हणाले, "साहेब, जपून जावा. रस्त्याला लय खड्डं हायत."

त्यावर माणूस विरघळला आणि सगळं फुकटात झालं असं मात्र नाही. वकील भांडले, जमिनीचं भाडं चांगलंच वाढलं, मगदुमांनी आकड्यावरून दोनदा जेवण सोडलं. पण मुदत वाढली, आणखी तीस वर्षं. नोंदणीच्या दिवशी आम्ही सगळे निबंधकाच्या कचेरीत नटून गेलो, एकेकाचा फोटो, एकेकाचा अंगठा. तात्या अंगठा पुसत माझ्याजवळ आले. "आता तीस वरसांनी परत यायला लागंल न्हवं? तवा तुमीच या, बाई. मला जरा दुसरीकडं काम हाय."

त्या कामाला ते त्याच हिवाळ्यात गेले, झोपेत. लेक आईला फलटणला न्यायला आली, तशीच परत गेली. हौसाक्का अजून खाली आहेत, एकट्या. काल माझ्या कुकरला उशीर झाला तर आज चौकशी झालीच.

मला तात्या आठवतात ते मात्र नोंदणीच्याच दिवसाचे. दिवस मावळायच्या आत मी शिऱ्याचा डबा घेऊन खाली गेले. पलंग पुन्हा खिडकीपाशी होता, कपाट आपल्या भिंतीला, स्टूल आपल्या फरशीवर. एवढं सगळं एकट्यानं ओढून दमलेले तात्या खुर्चीत झोपले होते, अंगात तोच कचेरीतला शर्ट. आणि पाय लांब पसरलेले, थेट खोलीच्या मध्यापर्यंत, हौसाक्कांच्या रोजच्या वाटेवर. इतक्या वर्षांत ते पाय मी पहिल्यांदाच धड बघत होते. हौसाक्का कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या. मी सावध करणार, तोच त्या तात्यांच्या बोटांपासून वीतभर अलीकडं थांबल्या. क्षणभर नवऱ्याचं घोरणं ऐकलं, पाय उजवीकडं घेतला, वळसा घालून आल्या आणि कप स्टुलावर ठेवला.

"बसा, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "पर बोलू नगा. लय वरसांनी पाय पसरल्यात ह्यांनी."

मी बसले, आणि माझे पाय तेवढे आवरून घेतले.